पार्किंग लॉटवाले सर

सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर सरांचं नाव शोधावं लागतं. सर्वांत वर 'परफॉर्मन्स कोच', त्याखाली 'स्ट्रेस मॅनेजमेंट फॅसिलिटेटर', मग 'एनएलपी प्रॅक्टिशनर', मग 'लाइफ ट्रान्सफॉर्मेशन पार्टनर', आणि या चौघांना वाट करून देत बिचारं नाव खालच्या कोपऱ्यात फोन नंबराला टेकून उभं असतं. त्यामुळे ते कुणी वाचलेलंच नाही. एचआरच्या मॅडमपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, आणि आमच्या भोसरीच्या कारखान्यात 'आज सर आलेत' एवढं कानावर पडलं की मार्च लागला हे कॅलेंडर न बघता कळतं.

मार्चच का, याला कारण आहे. ट्रेनिंगसाठी ठेवलेले पैसे एकतीस तारखेच्या आत उडवले नाहीत तर पुढच्या वर्षी तेवढे मिळत नाहीत. शिवाय गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्याला ऑडिटरसमोर ट्रेनिंगच्या नोंदी ठेवाव्या लागतात : कोण बसलं, किती तास बसलं, काय शिकलं, आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे कसं तपासलं. वर्षभर ते रकाने कोरे असतात. आता गंमत अशी की मार्च हाच डिस्पॅचचाही सर्वांत जीवघेणा महिना. म्हणजे माणसं ज्या पंधरवड्यात सर्वांत जास्त पिचलेली, नेमक्या त्याच पंधरवड्यात त्यांना मशीनवरून उठवून ताण घालवायला वरच्या मजल्यावर नेतात, आणि दिवसभराचं बुडालेलं काम मग रात्री थांबून भरून काढायला लावतात. सर आले की ओटी लागते, हे कँटीनच्या पोऱ्यालाही पाठ आहे. तो त्या दिवशी चहाचं दूध वाढवून घेतो.

सर पन्नाशीचे. फिकट निळा शर्ट, वर बिनबाह्यांचं जाकीट, कानावरून गालापर्यंत आलेला माइक. चाळीस माणसांच्या हॉलला माइक लागत नाही, पण माइकमुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि सरांना बोलायला हात लागतात. वीसेक वर्षं त्यांनी लेथ आणि मिलिंग मशीन विकली. तेव्हा हात मोकळे नसत. एकात कॅटलॉग, दुसऱ्यात पर्चेसवाल्यांसाठी दिवाळीचा डबा. २०२०च्या टाळेबंदीत कंपनीनं त्यांना नारळ दिला. पत्रात 'नव्या संधींसाठी मोकळं करत आहोत' असं होतं. त्या मोकळेपणात घरच्या डायनिंग टेबलावर, काही शनिवार-रविवार खर्चून, त्यांनी कोचिंगचं सर्टिफिकेट मिळवलं. सर्टिफिकेट देणाराही नुकताच कुठूनतरी मोकळा झालेला होता, असं सरच सांगतात. वायरमनला परवाना लागतो, क्रेन चालवणाऱ्यालाही ट्रेनिंगचा कागद लागतो; माणसाच्या मनात हात घालायला प्रोजेक्टर पुरतो.

त्यांच्या ट्रॉली बॅगेत काय नसतं! चिकट चिठ्ठ्यांच्या गड्ड्या, फुगे, स्ट्रॉ, लोकरीचा गुंडा, सेलोटेप, स्केचपेनं, एक ब्लूटूथ स्पीकर आणि एक पितळी वाटी. वाटीवर लाकडी दांडक्यानं टोला दिला की सत्र सुरू. एकदा गेटवर सिक्युरिटीनं बॅग उघडायला लावली आणि रजिस्टरमध्ये 'लहान मुलांच्या वाढदिवसाचे सामान' अशी नोंद करून सरांना आत सोडलं.

कोचानं सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे, हा या विद्येचा पहिला नियम. त्याची जन्मकथा सर रंगवून सांगतात. टिमथी गॉल्वे नावाच्या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाच्या लक्षात आलं की खेळाडूला 'मनगट असं धर, खांदा तसा ठेव' सांगितलं की तो आणखी बिघडतो, आणि नुसतं 'चेंडू कसा येतोय ते बघ' म्हटलं की आपोआप सुधारतो. १९७४ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. टेनिस कोर्टावरची ही गोष्ट ऑफिसात नेऊन बसवली जॉन व्हिटमोर या इंग्रज गृहस्थानं, जो त्याआधी मोटारींच्या शर्यती जिंकत होता. ध्येय काय, वस्तुस्थिती काय, पर्याय कोणते आणि तू नक्की करणार काय, ही चार प्रश्नांची माळ १९९२च्या त्याच्या पुस्तकानं जगभरच्या कोचांच्या गळ्यात घातली.

आमच्या सरांनी ती झोपतानाही काढलेली नाही. कँटीनमध्ये कुणी म्हटलं, "सर, जरा मीठ सरकवा," तर सर मिठावर हात ठेवून विचारतात, "मीठ मिळाल्यावर तुमच्यासाठी काय बदलेल?" एकदा त्यांचा फोन चुकून स्पीकरवर होता. पलीकडून बाईंचा आवाज : "अहो, येताना कोथिंबीर आणाल का?" सर म्हणाले, "कोथिंबीर नसेल तर तुझ्यासमोर कोणकोणते पर्याय आहेत?" बाई शाळेत शिक्षिका आहेत, प्रश्न विचारण्याचा अनुभव सरांपेक्षा दांडगा. त्या म्हणाल्या, "तुम्ही उपाशी झोपणं हा एक आहे." त्या दिवशी सरांनी सत्र पाच वाजून पाच मिनिटांनी आटोपलं.

सत्र मात्र सकाळी नऊला उपम्यानं सुरू होतं. पोट भरलेलं, एसी लावलेला, हेल्मेट काढून ठेवलेलं. खरं तर इथंच निम्मा ताण गेलेला असतो आणि पुढचं काही केलं नाही तरी चाललं असतं. पण वाटी वाजते. सर विचारतात, "कसे आहात?" आपण ओरडायचं, "झकास!" पहिल्यांदा ओरडलं की सर कानामागं हात नेतात, ऐकू आलं नाही म्हणून. कानावर माइक आणि समोर चाळीस माणसं असताना न ऐकू येण्याचं हे दुखणं सगळ्या सरांना असतं. तिसऱ्या झकासला ते बरं होतं. सगळ्यांचे फोन टोपलीत जातात, वर्क्स मॅनेजर साहेबांचा सोडून, कारण तो वाजणं अत्यावश्यक सेवेत मोडतं.

मग ओळख. स्वतःला एखाद्या प्राण्याच्या रूपात बघायचं आणि तो प्राणी का, ते सांगायचं. निम्मा हॉल वाघ निघाला, उरलेला सिंह. पर्चेसमधल्या एकानं गरुड म्हणून वेगळेपणा राखला. क्रेनवाले मामा उठले आणि म्हणाले, "बैल."

"वा! बैलच का?"

"मार्च आहे ना."

स्लाइडा सगळीकडे त्याच असतात, त्यामुळे त्यांवरून भराभर गेलेलं बरं. मॅस्लोचा पिरॅमिड येतोच. मॅस्लोनं १९४३ साली गरजांची उतरंड मांडली त्या लेखात पिरॅमिड कुठंच नाही, तो मागाहून व्यवस्थापनवाल्यांनी रचला. पण पिरॅमिड काढून टाकला तर स्लाइडवर उरेल काय? त्यानंतर 'संवादात शब्दांचं मोल फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि हावभाव'. हा आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतला. ते प्रयोग सुटे शब्द, आवाज आणि चेहरा यांवरून भावना कशी ओळखतात एवढ्यापुरतेच होते, आणि सगळ्या बोलण्याला हा आकडा लावू नका असं स्वतः मेहराबियनच सांगत आले. त्यांचं ट्रेनर लोकांनी ऐकलं नाही. बहुधा त्यांनी ते शब्दांत सांगितलं म्हणून. आमच्या टूलरूमचा पोरगा मात्र तयारीचा निघाला. म्हणाला, "सर, मग मशीनवरच्या वर्क इन्स्ट्रक्शन काढून टाकू आणि सुपरवायझरचा फोटो लावू का? ९३ टक्के काम होईल."

आणि मग ती उलट्या 'यू'ची स्लाइड. आडव्या रेघेवर ताण, उभ्या रेघेवर काम. ताण नसेल तर माणूस सुस्त, फार असेल तर खलास, मधोमध मात्र शिखर. "थोडा ताण," सर दोन्ही हातांनी डोंगर काढत म्हणतात, "आपला मित्र आहे! १९०८ साली दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे हलके झटके देऊन हे सिद्ध केलं."

हीट ट्रीटमेंटचा दादा मागच्या रांगेत बसतो. भट्टीसमोर आयुष्य गेलेलं, त्यामुळे एसीत त्याला थंडी वाजते आणि जाग राहते. त्यानं हात वर केला.

"सर, झटक्याचं बटण कुणाकडं होतं?"

हॉल शांत. वर्क्स मॅनेजर साहेबांनी फोन उलटा ठेवला. सर हसले, बोट वर केलं, "सुंदर प्रश्न! हा आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू," म्हणाले आणि भिंतीवरच्या कोऱ्या फ्लिपचार्टकडे वळले.

पार्किंग लॉट ही या धंद्यातली सर्वांत उपयुक्त वस्तू. विषयाला सोडून कुणी काही विचारलं की ते त्या कागदावर लिहायचं, वेळ उरला तर शेवटी घ्यायचं. वेळ कधी उरत नाही, कारण शेवटी ग्रुप फोटो असतो. दरवर्षीच्या त्या कागदावर काय काय उभं असतं, ते मी क्वालिटीवाल्याच्या सवयीनं उतरवून ठेवलंय. भट्टीजवळचा एक्झॉस्ट फॅन कधी लावणार. ओटी आहे हे संध्याकाळी पाचऐवजी सकाळी सांगता येईल का. लेडीज टॉयलेट दुसऱ्या शेडमध्ये का. इनव्हॉइस आणि ई-वे बिल छापायला दर गाडीमागं वर अकाउंट्समध्ये का जावं लागतं. रिजेक्शन झालं की नाव ऑपरेटरचं, ड्रॉइंग चुकलेलं असलं तरी? आणि आता, सर्वांत खाली, झटक्याचं बटण. भोसरीतल्या कुठल्याही कारखान्याचा ताण नक्की कुठं आहे हे कळायला महागडा सर्व्हे करायला नको, तो कागद वाचला तरी पुरे. पण वाचणार कोण? सत्र संपलं की त्याची गुंडाळी होऊन तो स्टोअरच्या कपाटामागं जातो. दसऱ्याला मशीनच्या पूजेआधी साफसफाई निघते, तेव्हा त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर खंडेनवमीच्या वर्गणीचा हिशेब मांडतात.

दुपारी जेवणानंतर श्वास. इथं मी सरांच्या बाजूनं साक्ष देईन. डोळे मिटून, खांदे सैल सोडून, मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले, बाहेर सोडताना जरा जास्त लांबवले, तर हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. त्यात गूढ काही नाही, मेंदूतून निघून छातीपोटात उतरणाऱ्या व्हेगस नाडीचं ते काम आहे. एकेक स्नायू आधी आवळून मग सोडण्याची सरांची दुसरी युक्तीही जुनी आणि पारखलेली, एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची. त्या पंधरा मिनिटांत हॉलमध्ये जी शांतता पसरते ती खरी असते. क्रेनवाले मामा तर घोरतात. सर त्यांना उठवत नाहीत, उलट दबक्या आवाजात माइकवरून सांगतात, "बघा, मामांनी सोडून दिलंय." मामांनी सोडून दिलेलं असतं हे खरं, मामा आदल्या दिवशी डबल शिफ्ट करून आलेले असतात, हेही खरं.

साडेपाचला सर गेटबाहेरच्या टपरीवर येतात, माइक काढून खिशात टाकतात, कटिंग घेतात, आणि तिथं त्यांचा आवाजच बदलतो. हॉलमधल्या सरांची आणि टपरीवरच्या सरांची एकमेकांशी ओळख नसावी. कारण सर वाचतात. मशीन विकायचे तेव्हाही मॅन्युअल शेवटच्या पानापर्यंत वाचणारे ते एकटेच होते म्हणे.

मी विचारलं, "सर, ते उंदीर खरे का?"

"उंदीर खरे, डोंगर खोटा," सर म्हणाले. "यर्क्स आणि डॉडसन. उंदरानं पांढऱ्या खोक्यात जायचं, काळ्यात शिरला तर झटका. दोन्हींतला फरक सोपा असला की झटका जितका जोराचा तितका उंदीर लवकर शिकायचा. फरक अवघड केला की मधलाच बरा पडायचा. बस, एवढंच! त्यात टार्गेट नव्हतं, अप्रेझल नव्हतं, ईएमआय नव्हता."

"मग दाखवता कशाला?"

"साहेबांना आवडतो. त्यातून थोडा ताण चांगला, असं निघतं ना."

दुसऱ्या कटिंगला सर हान्स सेल्येवर येतात. माँट्रियलमध्ये सेल्येनं उंदरांना थंडीत ठेवलं, दमवलं, विषं टोचली. कसंही छळलं तरी शरीराची तक्रार तीच. अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगते, थायमस आक्रसते, पोटात व्रण. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्यानं हे छोट्याशा टिपणात छापलं आणि ताणाच्या शास्त्राचा नारळ फुटला. मित्र कसे जोडावेत आणि लोकांवर छाप कशी पाडावी हे सांगणारं डेल कार्नेगींचं पुस्तकही त्याच वर्षीचं. एकानं दुखणं छापलं, दुसऱ्यानं हसरा चेहरा छापला, आणि सरांचा धंदा त्या दोन्हींच्या मधल्या फटीत उभा आहे.

"पण पुढचं ऐक," सर म्हणतात. "सेल्येला नंतर सिगारेट कंपन्यांकडून पैसे मिळत होते. त्या कंपन्यांचेच कागद बाहेर आले तेव्हा कळलं. हार्ट अटॅक ताणानं येतो असं लोकांना जितकं पटेल तितकी सिगारेट सुटली ना कचाट्यातून!" एवढं सांगून सरांनी शेजारच्या ट्रकवाल्याकडून त्याची पेटती सिगारेट मागून एक झुरका मारला. घरी गेल्यावर वास येऊ नये म्हणून टपरीवरूनच बडीशेप घेतली.

त्या दिवशी ते रंगातच आले होते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो पुरुषांवर १९६७ पासून जे पाहणी-काम झालं, त्याचा तपशील त्यांना तोंडपाठ. सगळ्यांची समजूत होती की झटका मोठ्या साहेबाला येणार, डोक्यावर देशाचा भार ना! निघालं भलतंच. सर्वांत खालच्या पायरीवरच्या, निरोपे आणि दारवान मंडळींचा मृत्युदर सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट. सिगारेट, रक्तदाब सगळं हिशेबात धरलं तरी फरक पुरता मिटेना. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकानं कामाच्या ताणाच्या मुळाशी बोट ठेवलं : नुसत्या जास्त कामानं माणूस मोडत नाही, काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं यावर आपला ताबा काडीचा नाही, अशा जोडीनं मोडतो.

"म्हणजे आपलं डिस्पॅच," मी म्हणालो.

"म्हणजे तुमचं डिस्पॅच."

"मग सर, हे वर हॉलमध्ये का नाही सांगत?"

सरांनी ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या प्रश्नाला प्रश्नानं दिलेलं उत्तर मला पटलं. "हॉलचं बिल कोण देतं?"

आता ते बिल. ताण घालवणाऱ्या माणसाचा ताण बघायचा असेल तर सरांना अकाउंट्सच्या बाहेर बसलेलं बघावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयरोगतज्ज्ञांची, फ्रीडमन आणि रोझेनमन यांची, एक गोष्ट सांगतात : त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांना नवं कापड बसवायला आलेला कारागीर म्हणाला, तुमच्या खुर्च्या फक्त पुढच्या कडेलाच झिजल्यात. पेशंट पाठ टेकून बसतच नव्हते. त्या उतावळ्या, घड्याळबघ्या स्वभावाला डॉक्टरांनी पुढं 'टाइप ए' नाव दिलं. आमच्या अकाउंट्सबाहेरचा बाक लाकडी आहे म्हणून, नाहीतर त्याच्या कडेला सरांची खूण नक्की उमटली असती. बिल मार्चचं, पैसे जुलैत. त्यात दहा टक्के टीडीएस आधीच कापलेला. जीएसटी मात्र बिल फाडलं त्याच महिन्याचा, खिशातून भरायचा. सरकारला साहेबांचा चेक कधी येतो याच्याशी कर्तव्य नाही. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ पासून कायदा आहे आणि सरांची उद्यमची नोंदणीही आहे. पण कायदा दाखवला की पुढच्या मार्चला दुसरे सर. म्हणून ते बाकावर बसतात आणि पहाटे पाचला टाकायची पोस्ट फोनवर रचत राहतात : 'संयम हीच खरी संपत्ती.' मधेच पित्ताची गोळी घेतात. श्वासाचं म्हणाल तर त्या बाकावर मी त्यांना तो मोजताना कधी पाहिलं नाही.

दरम्यान सरांचं एक वैयक्तिक कोचिंगही चालू होतं, वर्क्स मॅनेजर साहेबांचं, बंद दाराआड, तासावर पैसे. त्याचा परिणाम खाली शॉपवर दिसू लागला. पूर्वी साहेब जिन्यातूनच ओरडत यायचे, "माल कुठं मेला?" आणि माणूस 'लोड होतोय साहेब' म्हणून मोकळा व्हायचा. आता साहेब येतात, खुर्ची ओढतात, डोळ्यांत बघतात आणि हळू आवाजात विचारतात, "गाडी उशिरा सुटण्यात तुझा वाटा तुला कसा दिसतो?" डिस्पॅचचा दादा रात्री दोनदा दचकून उठला. शेवटी युनियनचे सेक्रेटरी एचआरला भेटले आणि साहेबांनी पूर्वीसारखं ओरडावं अशी तोंडी विनंती करून आले.

आणि तरीही सरांच्या हातून एक काम झालं. ते त्यांच्या कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही.

जुलैत एका संध्याकाळी चेक सहीला गेलाय, थांबा, असं कळल्यानं सर खाली डिस्पॅचच्या स्टुलावर येऊन बसले. माइक नाही, वाटी नाही, करण्यासारखं काहीच नाही. समोर दादाची धावपळ. गाडी भरली, वजन झालं, ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला. दादा जिना चढून अकाउंट्सच्या केबिनीत, कारण प्रिंटर तिथं. सहानंतर केबिनीला कुलूप, म्हणून आधी मागच्या गेटावर वॉचमनकडं किल्लीला. कागद घेऊन खाली, तोवर दुसरी गाडी. पुन्हा किल्ली, पुन्हा जिना. सर बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "दादा, हा प्रिंटर इथं खाली का नाही?"

दादा म्हणाला, "सर, तुमच्या कागदावर तीन वर्षं उभाय की तो."

सर उठले ते तडक साहेबांच्या केबिनीत. तिथं त्यांनी नियमाप्रमाणे सुरुवात केल्याचं साहेबच सांगतात. ध्येय काय? माल वेळेवर जावा. वस्तुस्थिती? जात नाही. पर्याय कोणते? साहेब विचारात पडले. त्यांनी छताकडं बघितलं, टाचणी फिरवली, 'माइंडसेट' म्हणाले, 'ओनरशिप' म्हणाले. सरांना मशीन विकायची ती जुनी वर्षं आठवली असावीत. ते म्हणाले, "साहेब, प्रिंटर खाली आणा."

दोन दिवसांत प्रिंटर डिस्पॅचच्या टेबलावर आला. दादा आता नऊच्या आत जेवतो. त्याचा रक्तदाब कुणी मोजलेला नाही, पण तो शिव्या कमी देतो, आणि आमच्याकडे ही मोजमापाची मान्य पद्धत आहे.

अडचण रिपोर्टाची झाली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, एवढ्या मोठ्या प्रोग्रामचं आउटकम 'प्रिंटर हलवला' असं कसं लिहू? ते आयटीचं काम आहे." तेव्हा 'आंतरविभागीय सुसंवादातून डिस्पॅच टीमच्या मानसिकतेत सकारात्मक परिवर्तन' असं लिहिलं गेलं. मला शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट आठवली. दिवे कमी-जास्त करून काम वाढतं का, हे बघण्याचे प्रयोग तिथं १९२४ मध्ये सुरू झाले म्हणून तो कारखाना प्रसिद्ध, पण तिथंच १९३६ मध्ये (पुन्हा तेच साल!) कामगारांची गाऱ्हाणी ऐकणारे सल्लागार नेमले गेले. त्यांनी शॉपमध्ये फिरायचं, प्रत्येकाचं मन लावून ऐकायचं, आणि कशातही हात घालायचा नाही. प्रिंटरला हात लावायची मुभा त्यांनाही नव्हती, एवढं नक्की.

हात लावल्याचे परिणाम सरांना ताबडतोब दिसले. अकाउंट्सचे साहेब पंधरा वर्षं त्या प्रिंटरशेजारी बसत आले होते. आता स्वतःचा एक व्हाउचर छापायला त्यांना जिना उतरून डिस्पॅचमध्ये, तेही दादाच्या परवानगीनं, यावं लागतं. त्यांना ताण आला. सरांचं बिल सही होऊन पुढं सरकलं होतं, ते परत आलं. एसएसी कोड नीट दिसत नाही. तो दिसायला लागल्यावर पीओ नंबर मागच्या वर्षीचा. तो बदलल्यावर शिक्का पुसट. "बिल नव्यानं छापून आणा," अकाउंट्सचे साहेब समोरच्या खुर्चीकडं बोटही न करता म्हणाले, "आमच्याकडं वर प्रिंटर नाही. तुम्हीच हलवलात ना? खाली जा."

सर खाली आले. पावसाचे दिवस, सहा वाजून गेलेले, शेडबाहेर गाड्यांची रांग लागलेली. मी गेज परत द्यायला तिथंच उभा होतो. सरांनी पेनड्राइव्ह पुढं केला. दादानं तो घेतला, खिशात टाकला आणि प्रिंटरवरून नजर न काढता म्हणाला, "बसा सर. दीर्घ श्वास घ्या. तुमच्या आधी तीन गाड्या आहेत."

सर स्टुलाच्या कडेवर बसले.

"कागद पुरेल ना, दादा?" त्यांनी विचारलं.